शिलकी अंदाजपत्रकाचा प्रतिपक्ष

२० फेब्रु., राजापेठ
वाचनालयाचे चिटणीस देशमुखकाका प्रातःकाळीच अवतीर्ण. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी वार्षिक वादसभा. विषय : अंदाजपत्रक शिलकी असेल तर घरपट्टी घटवावी की नाल्या बांधाव्यात?
"तुमी नाल्यांकडून, विठ्ठल घरपट्टीकडून. नेहमीसारखं."
विठ्ठल आता अकोल्यास असतो, असे निवेदन केले.
"मंग? अकोला का विलायतीत हाय?"

२१ फेब्रु.
बारा वर्षे हा वाद केला. सत्तापालट झाले, काल करकपात मागणारे आज शिल्लक राखू लागले. आम्ही दोघे तेवढे जागचे हललो नाही. सभेनंतर गाडीवर दह्यात भिजलेला गिलावडा, तिथे वादाचा उत्तरार्ध.
एकच महाविद्यालय, एकच फळा. मी अनुदानित तुकडीवर, वि. विनाअनुदानित. वेतन मला, त्याचे घर तिवशाकडच्या भावांच्या झेंडूच्या शेतीवर. गतवर्षी भर सभेत मी वदलो, "करकपातीचे स्तोत्र गातो कोण, तर ज्याचा कर कापायला वेतनच नाही तो." सभागृह हसले. तोही हसला. गिलावड्याला आला नाही. जूनमध्ये राजीनामा देऊन अकोल्याला, शिकवणीवर्गात.
वाक्य सुचले की समोरचा माणूस दिसेनासा होतो, ही माझी जुनी व्याधी.

२५ फेब्रु.
वि.च्या घरी दूरध्वनी. शोभावहिनी : "भाऊजी, ते क्लासवर गेले. सांगीन मी." तीन दिवस हेच. आज मागे त्याचा खोकला ऐकू आला. किती बरे वाटले.

१ मार्च
बडनेऱ्याहून गाडीने अकोला. सौ.ला सांगितले, शैक्षणिक कार्य. वि. फळ्यापाशी होता, तास संपेतो जिन्यात उभा राहिलो. संस्कृत वचनांसह क्षमायाचना सिद्ध होती. प्रत्यक्षात म्हणालो, "क्लास बरा चालतो."
"हो. इथं पगार भेटते. चहा घ्या."
सभेचे विचारले. त्याने डस्टर झटकले. "तुमाले प्रतिपक्ष पाहिजे का मी पाहिजे?"
उत्तर दोन अक्षरांचे होते. मी म्हणालो, "वाचनालयाची परंपरा आहे..." त्याने कप उचलून नेले.
बडनेऱ्यापर्यंत ते दोन अक्षरी 'तूच' घोकत आलो.

१४ मार्च
वि. आला नाही. त्याच्या खुर्चीवर सत्तापक्षाचे एक कार्यकर्ते. विरोधकांचे एक माझ्या शेजारी आपोआप उगवले. "तुमच्या काळात काहून नाही केली कपात?" "तुमी तवा नाल्या मागत होते, विसरले का?" अर्धा तास हेच. शिल्लक कोणाची, हा प्रश्न निराधार उभा.
मी उठलो. प्रथम गतवर्षीचे विधान मागे घेतले. ते अर्थशास्त्र नव्हते, क्षुद्रता होती. मग विठ्ठलची बाजू मी मांडली. कर घटवा, लोक खर्च करतील, बाजार फुलेल, इत्यादी. टाळ्या. देशमुखकाका चकित : "अहो, तुमी नाल्यांचे ना?" कोणीतरी मोबाइलवर चित्रण केले.
गिलावडा एकट्याने. अर्धा टाकला.

१६ मार्च
चित्रण अकोल्यास पोचले असावे. वि.चा संदेश. क्षमेविषयी अक्षर नाही, पण पुन्हा 'तू' :
"माझी बाजू चुकीची मांडली तू. लोक खर्च करतील म्हणून पैसा वापस द्या, असं मी कधीच नाही म्हटलं. खर्च करोत का गाडग्यात ठेवोत. त्यायचा हाय, म्हणून द्या."
मुद्दा बिनतोड. बारा वर्षे समोर बसून मला तो कळला नव्हता. प्रत्युत्तर तीनदा लिहिले, तीनदा पुसले.
उद्या सकाळच्या गाडीने अकोला. सौ. विचारते, आता काय काम? म्हटले, माझे एक प्रमेय खोडले गेले आहे, ते समक्ष ऐकून घ्यायचे आहे. तो वर्गाबाहेर येईल की नाही, ठाऊक नाही. तिने डबा दोघांचा करू का, एवढेच विचारले. कर म्हणालो.