जपानी दुकानातलं खीरदान

पायल,

गाडीतून हात हलवणं म्हणजे काही शिवी देणं नोहे. तू डोणगाव फाट्यावर उभी दिसली, ओळखीचं माणूस म्हणून मी हात हलवला. गाडी थांबली नाही, तो गाडीचा गुन्हा. त्याच्यावरून तू चार दिवस बोलत नाहीस अन् गोपालजवळ "तो मले मेला" म्हणून सांगतेस. मेलेला माणूस एवढं लांब पत्र लिहीत नसते.

तर सविनय जयभीम. तब्येत बरी असन, कारण काल किराणा दुकानात मले पाहून तू ज्या स्पीडनं मागं वळली, ते आजारी माणसाले जमत नाही. मायचे गुडघे कसे हायेत? माझं विचारशीन (विचारणार नाहीस, तरी सांगतो), त चार दिवसांपासून खीर खाऊन राह्यलो.

आता हे झालं कसं ते ऐक. अकोल्यात जपानी मिठायांचं दुकान उघडलं, हे रीलवर पह्यले तू पाह्यलं. तू पुण्याले नोकरीवर जायाच्या आधी आपण तिघंच जाऊ, तू, मी अन् गोपाल, हे तूच ठरवलं. शनिवार तूच काढला. (शनिवारी पौर्णिमा हाये हे तुले दिसलं नाही, मलेही नाही. आपल्या घरी क्यालेंडर मायसाठी असते.) गोपालनं काकाची जीप मागून घेतली. इथपर्यंत सगळं बराबर होतं. मंग शुक्रवारी आमच्या मोठीमायनं, म्हणजे बनाबाईनं, विचारलं का उद्या कुठं चालले बे. दोन तास गाडी हाणून गोड खायाले चाललो म्हटलं असतं, त तिनं विचारलं असतं का घरातली साखर संपली काय. म्हणून मी म्हटलं, जपानी लोकायचं एक ठिकाण झालं अकोल्यात, पाहून येतो. एवढंच. पण जपान म्हटलं का मोठीमायच्या डोक्यात बुद्ध येते, अन् बुद्ध आला, वरून पौर्णिमा, मंग खीरदान आलंच. संध्याकाळपर्यंत विहारातल्या बायायले निरोप गेला होता. सकाळी आंघोळ करून बाहेर येतो त जीपमध्ये नऊ पांढऱ्या साड्या, मेणबत्त्यायचे पुडे, अन् दहा लिटर दुधाच्या खिरीनं भरलेला गंज. तेव्हाच खरं सांगाचं होतं, असं तू म्हणशीन. तू सांगून दाखव. मोठीमाय द्रोण मोजत होती अन् म्हणे, "माह्या पोरानं ठिकाण शोधून काढलं." आजवर तिनं माह्या नावानं एवढं चांगलं काही म्हटलं नव्हतं.

दुकानासमोर बायायनं चपला काढल्या, नऊ जोड, एका रांगीत. मालकीणबाई आत काच पुसत होती. तिनं हे पाह्यलं अन् तिनंही चपला काढल्या. आत मूर्ती नाही. काउंटरवर पंजा हलवणारी एक मांजर. रुखमाबाईनं हात जोडले, त मोठीमायनं फटका मारून तेथंच खाली केले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बाईनं मांजरीपुढे हात जोडाचे काय. मूर्ती नाही त नाही, म्हणून सगळ्या फरशीवर बसल्या अन् वंदना घेतली. मालकीणबाईनं गाणं बंद केलं. गोपाल मान खाली घालून उभा होता (त्याले एक शब्द येत नाही, पण ओठ हलवत होता). मंग खीर. आइस्क्रीम खाऊन राह्यलेले पोट्टे ते सोडून खिरीच्या रांगीत आले. मालकीणबाईनं दोन द्रोण घेतले, अन् रिकामं कसं पाठवावं म्हणून बशीत मोची आणले. तांदळाच्या पिठाचा थंड गोळा, मऊ, वरून पिठी लावलेला. मोठीमायनं एक तोंडात टाकला. चावते, चावते, चावूनच राह्यली. सगळे तिच्या तोंडाकडे.

"उकड कच्ची राह्यली बाई," म्हणे. "नवीन हायेस, होईन हळूहळू."

मंग तिनं त्या बाईले उकड कशी काढाची ते अर्धा तास सांगतलं, अन् ती बाई वहीत लिहून घेत होती. गोपालनं चार गोळे खाल्ले. मी एक खाल्ला. चांगला होता. जास्त लिहीत नाही.

मोठ्यायले माहा नमस्कार.

प्रसेनजित

ता. क. जागा नव्हती, असा निरोप मी गोपालजवळ दिला होता, तो खोटा. मागं एक माणूस बसन एवढी जागा होती. गोपाल ब्रेक मारून राह्यला होता, मीच म्हटलं, चल. तू बसली असती त दोन तास पुण्याची रूम, पुण्याचा पगार, पुण्याच्या मैत्रिणी, अन् मले नऊ बायायपुढे हसत हसत ऐका लागलं असतं. ते जमलं नसतं.

ता. क. दुसरं. येत्या सोमवारी तुही सहाची गाडी. मी स्टँडवर येऊन राह्यलो. माफी मागाले नाही, बॅग चढवाले. येऊ नको म्हणाचं असन त आत्ताच म्हण, पण ते जमणार नाही, कारण हे पत्र मी तुह्या मायच्या हातात देऊन राह्यलो. हे शेवटचं तुमच्या दारातच लिहून राह्यलो; माय म्हणते, थांब, चहा ठेवते, पायल आंघोळीले गेली, येतेच. मी चाललो.