ब्रेक ऑइल कोणी ओतलं

नाना,

तुमच्या डॉक्टर मित्रांनी मला तुमच्यावर चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. जुन्या विलायती गाड्यांच्या शौकिनांचा त्यांनी आता मोबाइलवर ग्रुप केलाय. नंदुरबार, शहादा, धुळे, पार सुरतेपर्यंतचे लोक त्यात आहेत, मलाही घेतलं होतं, आणि जे गेले त्यांच्या आठवणींचं एक पान त्यांना काढायचंय. गाडीचा फोटो त्यांच्याकडे आहे, तुमचाही आहे, फक्त मजकूर हवा होता. दोन संध्याकाळी मी वही घेऊन बसले, चार ओळी झाल्या, पण बाकी जे सुचलं ते त्या पानावर छापण्यासारखं नव्हतं. म्हणून ते तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा मध्येच हात वर करून मला गप्प करणं तुम्हाला जमायचं नाही, ही एक सोय आहे.

मागच्या महिन्यात त्या लोकांचं संमेलन झालं. मैदानात गाड्या ओळीने लावलेल्या, सगळ्यांची बॉनेटं उघडी, आणि पांढऱ्या केसांची माणसं एकमेकांच्या इंजिनात डोकावून उसासे टाकत होती. कुणाची जर्मन गाडी मुलाने परस्पर विकून टाकली, कुणाच्या इंग्रजी गाडीचं गिअरबॉक्स अजून खाटेखाली आहे आणि बायको रोज त्यावरून बोलते. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरंच. मग डॉक्टर उभे राहिले आणि तुमच्या गाडीची गोष्ट सांगू लागले. जिल्ह्यात तशी गाडी पुन्हा झाली नाही, म्हणाले, आणि मेली कशी तर तिच्या मिस्तरीने होळीच्या नशेत तिच्यात भलतंच तेल ओतलं. लोक हसले. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तं व्हती ना तठे?" मी म्हटलं, होते.

गाडी खरोखर तशीच होती, ते मी नाकारत नाही. मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीतून निघालेली, लांबट नाकाची फ्रेंच गाडी, धानोऱ्याजवळच्या आपल्या मळ्यात, मिरचीची पोती काढून रिकाम्या केलेल्या शेडमध्ये. तिथे गेलं की आधी दोन शिंका यायच्या. त्या गाडीला साध्या गाडीसारखे स्प्रिंगचे पाटे नव्हते. सगळा भार तेलाच्या दाबावर. बंद असली की ती पोट टेकून बसायची आणि चालू केली की आधी मागून उठायची, मग पुढून, अगदी म्हैस उठते तशी. सालदारांची पोरं शेडच्या दाराशी "उठनी रे उठनी!" म्हणून ओरडायची, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं ते मी दुसऱ्या कशानेही आलेलं पाहिलं नाही. माझ्या दहावीच्या निकालानेही नाही. माझ्या मायला त्या गाडीत बसवून तुम्ही दोनदा नेलंत, दोन्ही वेळा पायातल्या चपला हातात घ्यायला लावून. आणि मी? "हात नको लावू. नुसती बत्ती धर." पाच वर्षं मी बत्ती धरली. आज मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवते, तेव्हा लोक म्हणतात वडिलांचा वारसा. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

शिकवलं ते मिस्तरीकाकांनी. मोलगीच्या पुढचा डोंगरातला माणूस. गावचे लोक गुजरातेत ऊसतोडीला जात तसाच तोही तरुणपणी सुरतेला मजुरीला गेला आणि तिथल्या विलायती गाड्यांच्या गॅरेजात राहिला. तुम्ही त्यांना तिथूनच उचलून आणलंत. तुमच्या त्या गाडीचं पुस्तक फ्रेंचमध्ये होतं, ते तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवायचात, आणि मिस्तरीकाका गाडी कानाने वाचायचे. पंप किती वेळाने टक् करतो ते मोजायला त्यांनी मला शिकवलं. तेलाच्या टाकीच्या झाकणाला त्यांनी हिरवी चिंधी बांधली होती, आणि तुमच्या-माझ्यासमोर सांगितलं होतं, "शेठ, ह्यामा फक्त हिरवं तेल. ब्रेक ऑइल गयं ना, तं मझारना रबर फुगी जाई, मंग गाडी उठनार नही." तुम्ही सुरतेला गेलात त्या दुपारी त्यांनी मला शेडपासून विहिरीपर्यंत गाडी चालवू दिली. शेजारी बसले होते, स्टिअरिंगला हातही लावला नाही. माझ्या आयुष्यात कुणी दिलेली एवढी मोठी भेट मला दुसरी आठवत नाही, आणि ती तुमच्या नकळत मिळालेली आहे.

तर ती होळी. मिस्तरीकाका दरवर्षी डोंगरातल्या काठी गावच्या होळीला जायचे आणि तुम्ही दरवर्षी त्या रजेवरून कुरकुरायचात. त्या वर्षी त्यांनी बावा होण्याचा नवस धरला होता. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरू, आणि नवस असेतोवर खाटेवर झोपायचं नाही, दारूचा थेंब घ्यायचा नाही. जाताना सांगून गेले की हिरव्या तेलाचा डबा संपलाय, मुंबईहून येईपर्यंत गाडी काढू नका. आणि नेमकं डॉक्टरांनी आणि तुमच्या दुसऱ्या गाडीवाल्या मित्रांनी, कापसाच्या जिनिंगवाल्या काकांनी, तोरणमाळला जायचं ठरवलं. सकाळी टाकी पाहिली तर तेल खाली गेलेलं. फोन करून नाही म्हणायला काय झालं असतं? पण घाटात दोघांच्या गाड्या पुढे आणि तुम्ही घरी, हे तुम्हाला सोसणार नव्हतं. ट्रॅक्टरच्या सामानाच्या फळीवरून तुम्ही ब्रेक ऑइलचा डबा काढलात. मी म्हटलं, "नाना, मिस्तरीनी नही म्हनेल शे." तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. "मिस्तरी मन्हा मालक शे का? धर नरसाळं." मी नरसाळं धरलं. तुम्ही ओतलंत. संध्याकाळी तुम्ही तोरणमाळहून हसत परत आलात, गाडीला काही झालं नव्हतं, आणि जेवताना मला म्हणालात की मिस्तरी लोक उगाच घाबरवतात.

आठ दिवसांनी गाडी उठेना. रविवार होता, अंगणात डॉक्टर आणि जिनिंगवाले चहाला बसलेले. मी ट्रे घेऊन उभी. मिस्तरीकाका दोनच दिवसांपूर्वी परत आले होते. त्यांनी चिंधी सोडली, बोट बुडवलं, वास घेतला आणि सरळ विचारलं, "शेठ, ह्यामा ब्रेक ऑइल कोनी टाकं?" चार माणसांत विचारायला नको होतं, एवढीच त्यांची चूक. तुमचा चेहरा मी पाहते आहे. एक क्षण तुम्ही खरं बोलाल असं मला वाटतं आहे. आणि तुम्ही म्हणता, "कोनी म्हंजे? तुन्हाशिवाय गाडीले हात कोन लावस? होळीनी उतरनी नही आजून तुन्ही." दोघे मित्र हसतात. मिस्तरीकाका तुमच्याकडे पाहत नाहीत, माझ्याकडे पाहतात. मी ट्रेमधल्या कपांकडे पाहते. मग त्यांनी बोट पँटला पुसलं, आपले पाने पिशवीत भरले, तुमचे पाने फळीवर नीट लावून ठेवले आणि गेले. स्वतः करून सवरून खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडणारी माणसं मी पुढे नोकरीत ढिगाने पाहिली, नाना. पण पहिला धडा घरचाच होता.

संमेलनातून आल्यावर मला झोप लागेना. तीस वर्षं झाली आणि त्या माणसाला लोक अजून त्या मैदानात दारुडा म्हणून हसताहेत, आणि तिथे खरं माहीत असलेली एकटी मी. पुढच्या रविवारी मी अक्कलकुव्यावरून मोलगीला गेले, तिथून विचारत विचारत त्यांच्या पाड्यावर. घरापुढे मोहाच्या सावलीत खाटेवर बसले होते. एका डोळ्यात फूल पडलंय, पण त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी वाटेत वाक्यं जुळवली होती: नानांनी ओतलं, नरसाळं मी धरलं होतं, आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा मी मान खाली घातली. मी एवढंच म्हणाले, "काका, त्या तेलाबद्दल बोलायचं होतं." तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"माहीत शे मले. शेठ उना व्हता आठे, पुढला वरीसले. एकला. म्हने, तेल मन्ही पोरगीनी टाकं. लहान शे, तिले समजनं नही. लोकेससमोर तिनं नाव कसं लेऊ? म्हनीसन तुन्हं लिधं." मग ते हसले. "मी काय बोलू? मी बी बाप शे."

म्हणजे मित्रांसमोर मिस्तरी, आणि मिस्तरीसमोर मी. लहान! अठरा वर्षांची होते मी, आणि "मिस्तरीनी नही म्हनेल शे" हे वाक्य तोंडाने बोलले होते. आणि तुम्ही तो डोंगर चढलात तो तरी कशासाठी? तेही त्यांनी सांगितलं, अगदी सहज. तुम्ही त्यांना गाडी उठवायला बोलवायला आला होतात. ते आले नाहीत, कारण तोवर मोलगीत जीपच्या दुरुस्तीचं काम मिळालं होतं. पण त्या दिवसापासून मनात काही ठेवलं नाही, म्हणाले. सुनेला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला, आणि तिला म्हणाले, हिच्या बापाने हिच्यासाठी सगळ्यांसमोर खोटेपणा पत्करला, असा बाप होता. ती माझ्याकडे कौतुकाने पाहत होती.

डॉक्टरांना मी परवा चार ओळी पाठवल्या. नाना हौशी होते, गाडीवर जीव होता, वगैरे. आणि खाली पाचवी ओळ लिहिली, की तेल मिस्तरीने नव्हे, नानांनी ओतलं, मी तिथे होते. डॉक्टरांनी ती काढून टाकली आणि मला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मीही मग भांडले नाही, पण ग्रुपमधून बाहेर पडले. हे पत्र मात्र कुणालाच दाखवणार नाही, कारण डोंगरावर काय झालं ते यात अजून लिहायचं राहिलंय.

मिस्तरीकाकांना मी खरं सांगितलं नाही. वाक्यं तोंडाशी आली होती, आणि मी म्हटलं, "हां काका, मन्ही चुकी व्हयनी." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. उतरताना घाटभर मी स्वतःला समजावत होते की म्हाताऱ्या माणसाच्या मनाला आता कशाला त्रास द्या. ते खरं नाही. तुमची अब्रू राखायची होती म्हणाल, तर तेही नाही. त्यांच्या गोष्टीत एक बाप होता, जो आपल्या मुलीसाठी चारचौघांत खोटं बोलला. तो मला कधी भेटला नव्हता. चहा संपेपर्यंत मला त्याची मुलगी म्हणून बसायचं होतं.