पंच रूमसाठी मशीन निवडताना

आई, तुझी पंच रूम आता राहिली नाही. कार्डांना भोकं पाडणारी मशीन्स भंगारवाल्याने नेली, फरशीवर त्यांच्या पायांचे गंजके डाग तेवढे उरले, आणि तू ज्या भिंतीकडे पाठ करून बसायचीस तिथे आता एअर कंडिशनर आहे. हे तुला कळवावंसं वाटलं, कारण त्या मशीन्सच्या जागी काय आणायचं ते मी ठरवलं. सही साहेबांची आहे, पण कारणं माझी आहेत. ती मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिली. त्यात चूक सापडत नाही.

तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते. पुढे अठरा पूर्ण झाल्यावर तुझ्या जागेवर मला घ्यायला ऑफिस तयार होतं. मी नको म्हटलं, म्हणून बाबा माझ्याशी बरेच दिवस बोलले नव्हते. मी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि परीक्षा देऊन त्याच ऑफिसात प्रोग्रामर म्हणून लागले. अनुकंपेवर आलेली नाही, हे मी सुरुवातीला न विचारताही सांगायचे. पंच रूममधल्या बायका हसायच्या. त्यांच्या लेखी मी तुझीच पोरगी होते, परीक्षा दिली काय आणि नाही काय.

मावशी अजून तिथेच होती. आपल्या गल्लीतली, तुझ्यासोबत कामठीहून बस पकडणारी. कार्डावर तू आकड्यांची भोकं पाडायचीस आणि तीच कार्डं, तोच कागद समोर ठेवून, ती दुसऱ्या मशीनवर पुन्हा मारायची. दोघींचं जुळलं तर कार्ड पुढे सरकायचं, नाही जुळलं तर मशीन अडून बसायचं. एका शनिवारी तू मला ऑफिसात नेलं होतंस. त्या खडखडाटात कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मावशीने एक कार्ड उचलून काही न बोलता तुझ्या टेबलावर ठेवलं आणि तूही न बोलता नवीन मारलंस. बसमध्ये मी म्हणाले की मावशीने तुझी चूक पकडली. तू माझा दंड इतका घट्ट धरलास की घरी येईपर्यंत तो दुखत होता. "पकडत नाही ती," तू म्हणालीस. "माह्यासाठी दुसऱ्यांदा काम करते. पुन्हा असं बोलू नको."

स्वयंपाकघरात तुझी बोटं थांबायची नाहीत हेही आठवतं. तवा तापेपर्यंत तू पोळपाटाच्या कडेवर उजव्या हाताने आकडे मारत राहायचीस. ते मला शिकवलंस तेव्हा मला वाचताही धड येत नव्हतं. वरच्या ओळीत एक, दोन, तीन. मध्ये चार, पाच, सहा. खाली सात, आठ, नऊ. मी खाली पाहिलं की तू माझी हनुवटी वर करतेस. भिंतीपलीकडे शेजारच्या विणकराच्या लूमचा आवाज चालू आहे, तुझ्या हाताला कणकेचा वास आहे. "डोळे कागदावर," तू म्हणतेस. "बोटाले रस्ता माहीत असते." त्या वेळी समोर कागद नव्हताच, भिंत होती. मी भिंतीकडे पाहत राहिले.

गेल्या वर्षी वरून पत्र आलं की कार्डं बंद करायची, संगणक घ्यायचे, पंच ऑपरेटर बायकांना त्यावर शिकवायचं. शेवटी परीक्षा होईल. जी पास होईल ती संगणकावर बसेल, जी होणार नाही ती लकडगंजच्या गोदामात, स्टोअर्समध्ये जाईल. ऑफिसात या विषयाचं शिक्षण झालेली मीच एकटी, म्हणून कोणतं मशीन आणि त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घ्यायची ते साहेबांनी माझ्यावर सोपवलं. टीव्हीला जोडायचे छोटे संगणक मी आधीच बाजूला काढले. ते घरी मुलांसाठी ठीक आहेत. उरले दोन पर्याय. पहिला म्हणजे एक मोठं मशीन, त्यावर युनिक्स, आणि त्याला तारेने जोडलेले टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, प्रत्येकीसमोर एक. दुसरा म्हणजे प्रत्येकीला स्वतंत्र पीसी, दोन फ्लॉपीचे, डॉस असलेले.

माझं मत पीसीचं होतं. नव्याने शिकणारा माणूस आधी भितो. आपल्या हातून काही मोडेल, याच भीतीत त्याचा सगळा वेळ जातो. मोठ्या मशीनवर एकीने काही घोळ घातला की सगळ्यांची कामं थांबणार आणि सगळ्या तिच्याकडे वळून पाहणार. पीसीवर काहीही बिघडलं तरी बंद करून पुन्हा चालू करता येतो, आणि तो काही झालंच नाही असा समोर उभा राहतो. डॉसच्या आज्ञा थोड्या आहेत. फाइल कुठे गेली ते शिकणाऱ्याला स्वतःला शोधता येतं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आणि हेच मशीन उद्या बँकेत असेल, कारखान्यात असेल, सीताबर्डीच्या दुकानात असेल. मोठं मशीन एका कंपनीचं. कंपनी गेली की त्यावर शिकलेलंही गेलं. हे सगळं मी अहवालात याच क्रमाने लिहिलं.

अहवाल देण्याआधी पीसी विकणाऱ्याने एक मशीन ऑफिसात आणून दाखवलं. आधी मावशीला बसवलं, कारण सगळ्यांत जलद तीच. तिने पडद्याकडे बघून याच्यात बातम्या लागते काय वं, असं मला विचारलं आणि बायका हसल्या. मग तिने कागद डावीकडे ठेवला, मान वळवली आणि मारायला लागली. तिचा वेग पाहून विकणाऱ्या माणसाने हातातलं माहितीपत्रक खाली ठेवलं. पण पडद्यावर जे उमटत होतं ते कागदावर नव्हतं. साहेब मागे उभे होते. बाईंनी आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, असं ते म्हणाले. मावशीने पडदा पाहिला, कागद पाहिला. "मी बरोबर मारलं," ती म्हणाली. एवढंच, आणि तेही हळू आवाजात.

तिने बरोबरच मारलं होतं. नव्या कीबोर्डवर आकडे उलटे आहेत, आई. वर सात, आठ, नऊ आणि खाली एक, दोन, तीन. मधली ओळ तेवढी तीच. एकाचे सात झाले होते, दोनाचे आठ, नवाचे तीन. मला ते बघताक्षणी कळलं, आणि ते डिप्लोमात शिकवलेलं नव्हतं. मी साहेबांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग दुसऱ्या मशीनचं काय? दुसऱ्या मशीनच्या टर्मिनलला जुन्या पंचसारखा कीबोर्ड मिळत होता. कंपनीने तो मुद्दाम ठेवला होता, तुझ्यासारख्या, मावशीसारख्या बायकांसाठी.

रविवारी मावशी घरी आली. चहा ठेवते म्हणाले तर नको म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली, तू असताना बसायची तिथेच. पंच रूममधल्या बायका काय बोलत होत्या ते तिने सांगितलं. तरण्या पोरींना काही वाटत नव्हतं, त्या शिकतील. प्रश्न तिचा होता, आणि तिच्या वयाच्या आणखी एकीचा.

"ते मोठं मशीनच घे ना वं," ती म्हणाली. "आमचे हात आता नवीन रस्ता धरत नाही."

मी तिला कारणं सांगितली. अहवालातलीच, पण आपल्या भाषेत. ते मोठं मशीन काही वर्षांत बंद पडेल, मग या पोरींना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि तेव्हा कुणी शिकवणारही नसेल. पुढची वीस वर्षं पाहावी लागतात, असं मी म्हणाले.

"माहे चार राहिले," मावशी म्हणाली. "मले चारचं पाहिजे, तू वीसचं सांगून राहिली."

तिचंही गणित बरोबर होतं. मी तिला म्हटलं की काही करता येतं का पाहते. ती उठली, पदर खोचला, आणि जाता जाता ओट्यावरचं उघडं राहिलेलं पीठ झाकून गेली.

मी पाहिलंही. डॉसमध्ये एका छोट्या फाइलने कळांचे अर्थ बदलता येतात. सात दाबलं की एक उमटावा, एक दाबलं की सात. विकणाऱ्याच्या त्याच मशीनवर मी ते बसवलं आणि मावशीला पुन्हा बसवलं. पान पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत स्वच्छ आलं. मी ते साहेबांना दाखवलं. ते म्हणाले की एक मशीन उलटं आणि बाकीची सुलटी असं चालणार नाही. उद्या त्यावर दुसरी बसली तर सगळे हिशेब बिघडतील, शिवाय परीक्षा घ्यायला वरून माणसं येणार, ती स्वतःची फ्लॉपी घालून मशीन सुरू करणार, त्यात ही फाइल नसणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी फाइल पुसली आणि पीसीचा अहवाल दिला.

तीन महिने मी त्यांना शिकवलं. तरण्या पोरी भराभर पुढे गेल्या. मावशी सगळं शिकली, फ्लॉपी घालणं, फाइल उघडणं, नक्कल काढणं. फक्त आकडे सोडून. हळू मारलं की बरोबर यायचे, वेग वाढला की हात जुन्या रस्त्याला लागायचा. मी तिला म्हणाले, मावशी, खाली बघ, कळा बघून मार. तिला ते जमेना. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला साऱ्यांसमोर काही वाईट करायला सांगितलं आहे. परीक्षेत वेळ मोजणारा माणूस तिच्या खुर्चीमागे उभा होता. ती नापास झाली. दुसरीही झाली. दोघी लकडगंजला गेल्या. तिथे ती पोती आणि खोकी मोजते, जिना चढते, आणि कामठीहून बसने येऊन पुढे ऑटोत दाटीवाटीने बसून जाते. गुडघे धरले आहेत, असं बाबांनी सांगितलं.

पास झालेल्यांपैकी एकीला आता बँकेची नोकरी लागली आहे. तिला मुलाखतीत विचारलं, कोणत्या मशीनवर काम केलंय? तिने सांगितलं आणि तेच मशीन त्यांच्याकडे होतं. ती पेढे घेऊन माझ्याकडे आली होती. म्हणजे माझी वीस वर्षं खोटी नव्हती.

परवा संध्याकाळी बस स्टँडवर मावशी दिसली. मी टाळलं नसतं, पण तिनेच मला हाक मारली. बस यायची होती. इकडचं तिकडचं झालं, बाबांच्या खोकल्याचं झालं. मग तिने राग नसलेल्या आवाजात विचारलं. "एक सांग. तुही माय असती माह्या जागी, तरी हेच मशीन घेतलं असतं?"

"हो," मी म्हणाले. लगेच म्हणाले.

तिने मान हलवली. "मग ठीक आहे," म्हणाली. बस आली, कंडक्टरने तिला हाताला धरून वर घेतलं आणि तिला खिडकीजवळ जागा मिळाली. त्याच बसने मलाही जायचं होतं. मी पुढच्या बससाठी थांबले.

हा कागद कुठे पाठवायचा ते मला माहीत नाही आणि तसा प्रश्नही नाही. बाबा विहारातून परत येण्याआधी तो चुलीत जाईल. अहवाल बरोबर आहे, आई, आणि कुणी पुन्हा विचारलं तर मी तोच देईन. पण तू असतीस तर मी मोठं मशीन घेतलं असतं. त्यासाठीही मी कारणं लिहिली असती, आणि त्यातही कुणाला चूक सापडली नसती.