आखाजीच्या घागरीचे पाणी खाडीवर पोचवण्याबाबत

मी, प्रमिला वना बोरसे, वय सत्तेचाळीस, राहणार देवपूर, धुळे, हे माझ्या हाताने लिहीत आहे. शरीर थकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही. पोटातला आजार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी माझ्याऐवजी भिंतीकडे बघत सांगितले, तेव्हाच मला समजले.

१. देवपूरचे दोन खोल्यांचे घर माझा भाऊ मोतीलाल याला द्यावे. माझ्या दुखण्यात तो गाव सोडून इथे येऊन राहिला. त्याच्या हातची भाकरी कडेने कच्ची असते, पण त्याने ती रोज केली. त्याला एवढेच सांगणे की, मागच्या दारातली तुळस काढून तिथे मोटारसायकल लावू नये.

२. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी, तापीकाठी, माझ्या वाट्याची जमीन आहे. ती मोतीलालची मुलगी लता हिच्या नावे करावी. ती सासरी गेली तरी जमीन तिचीच राहील.

३. क्षारमापी लताला. मोतीलालला अजिबात नाही. कारण लिहून ठेवते.

क्षारमापी म्हणजे खाली वजन असलेली काचेची नळी. ती पाण्यात उभी तरंगते, आणि पाणी जितके खारे तितकी जास्त वर राहते. तापी समुद्राला मिळते तिथल्या खाडीवर मी नोकरीची सगळी वर्षे हीच नळी पाण्यात सोडत आले. मोतीलालला वाटले, डेअरीत दूध तपासतात तीच ही नळी. एका सकाळी त्याने ती दुधाच्या पातेल्यात सोडली. दूध पाण्यापेक्षा जड, त्यामुळे नळी उसळून वर आली. मोतीलाल ओट्यावरूनच ओरडला, "रुपचंद, तुन्हा दूधमा समिंदरपेक्षा जास्त मीठ शे!"

रुपचंद गवळ्याने किटली खाली ठेवली. "नाना, मन्ही म्हैस गोठामा ऱ्हास, समिंदरमा नई."

सगळी गल्ली हसली. पण रुपचंद दुखावला आणि त्याने आमच्याकडे दूध घालणे बंद केले. मोतीलालने त्याच्या घरी जाऊन माफी मागावी. मी गेल्यावर चहाला येणारी माणसे बरीच असतील, दूध लागेल.

४. आमच्या संशोधन केंद्राच्या साहेबांसाठी मी काही ठेवलेले नाही. मधल्या धरणांनी पाणी अडले आणि उन्हाळ्यात नदी खाडीपर्यंत येईनाशी झाली. समुद्र आत चढत गेला. काठावरच्या विहिरी मचूळ झाल्या. गोड्या पाण्यात अंडी घालायला वर चढणारा पाला मासा तोंडाशी येऊन माघारी फिरू लागला, मग यायचाच थांबला. मी हे दर वर्षी कळवले. साहेब म्हणाले, "बाई, दर वर्षी तेच. खारेपणा वाढला. यात नवीन काय?" आणि ते मोजणे बंद केले. आता खाडी कशी आहे, कोणालाच माहीत नाही. मी मरते आहे, हे साहेबांना कळवू नये. त्यातही नवीन काही नाही.

५. माझ्या अस्थी मोतीलालच्या मनाप्रमाणे तापीकाठच्या प्रकाशा गावी, तीर्थावर सोडाव्यात. आमच्या आईच्या, तानुबाईच्या, तिथेच सोडल्या होत्या. त्या दिवशी ब्राह्मण म्हणाला, आता या समुद्राला मिळतील. खाली धरण आहे. आई तिथेच कुठेतरी गाळात बसली असेल. मीही तिच्याशेजारी बसेन.

६. हे कलम महत्त्वाचे. बाकीची चुकली तरी चालतील.

माझे लग्न झाले नाही, तरी दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आई मला सासरी गेलेल्या लेकींसारखी माहेरी बोलवायची. उन्हाळ्यात तापी बारीक झालेली असायची. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून विचारायची, "हाई पानी तुन्हाकडेच जास ना वं? पोचनं का?"

"नई पोचनं, माय."

"तुले वळखता उनं नई व्हई. पानीवर काय नाव लिखेल ऱ्हास?"

मी तिला दर वर्षी खरे सांगितले आणि तिने दर वर्षी पुन्हा विचारले. शेवटच्या आखाजीला तिला काठापर्यंत चालवत नव्हते. तिने खाटेवरूनच विचारले. मी तेच उत्तर दिले. त्या वेळी तिने थट्टा केली नाही. तोंड फिरवून झोपली.

आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. माझी घागर भराल तेव्हा पाणी गावच्या डोहातून आणावे. पूजा झाली की त्यातले पाणी लताने माझ्या नमुन्याच्या बाटलीत भरावे आणि शिंदखेड्याहून सुरतेच्या पॅसेंजरने खाडीवर न्यावे. पावसाळ्यात नेऊ नये. तेव्हा पाणी आपल्या पायाने जाते.

लता, ओहोटीला बाटली ओत. मग नळी सोडून बघ. आकडा जागचा हलणार नाही. एका बाटलीने खाडी गोड होत नाही, काठची वाळलेली तिवरे हिरवी होत नाहीत, मासा परत येत नाही. तिथे रडू नकोस, ते पाणीही खारेच.

घरी येऊन आजीच्या फोटोसमोर बस. तिच्याशी खोटे बोलायचे नाही, म्हणूनच ही सगळी यातायात. तिला एवढेच सांग, "पोचनं, आजी."

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. नंतर करण्याइतका वेळ दिसत नाही.

सही : प्रमिला वना बोरसे

खालील दोघांनी माझ्यासमोर, मी त्यांच्यासमोर सही केली. मोतीलालला घर मिळत असल्याने त्याला साक्षीदार करता येत नाही. तो रुसला आहे. त्याने रुसू नये.

साक्षीदार :
१. अभिमन दगा सोनवणे, शेजारी
२. बेबाबाई रामदास माळी, शेजारीण

ठिकाण : देवपूर, धुळे
दिनांक : ११ फेब्रुवारी १९९४