इन्स्पेक्टर कुठल्या मजल्यावर आहे?

३ मार्च, मंगळवार

चालला! पट्टा चालला! पहिल्या फटक्यात!

इन्स्पेक्टर म्हणजे आमच्या इमारतीतला बोका. कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा. दिवसभर मजल्यामजल्यांवर गस्त घालतो, पायपुसण्यांची तपासणी करतो, आणि लाड करायला हवा असतो तेव्हा नेमका सापडत नाही. म्हणून शनिवार-रविवार खपून त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात बोराएवढी चिप बसवली. प्रत्येक मजल्यावर मीटरच्या पेटीवर एकेक जुना फोन ठेवला — ऑफिसच्या खणात मरून पडले होते, त्यांचं सोनं झालं. बोका जवळ आला की फोनला कळतं, आणि नाव नोंदवलेल्या सगळ्यांना बोक्याचा मेसेज जातो: 'मी आत्ता दुसऱ्या मजल्यावर आहे. तुम्ही जेवलात का?'

शेवटचं वाक्य उगाच टाकलं. नुसता मजला सांगणं फार कोरडं वाटत होतं.

जिन्यात कागद चिकटवला: इन्स्पेक्टरचा ठावठिकाणा हवा असेल तर हा चौकोन स्कॅन करा. उपयोग शून्य. मजा भरपूर!

आप्पांना दाखवावंसं वाटलं. ते गॅलरीत पेपर वाचत होते. म्हटलं, आप्पा, जेवलात का? ते म्हणाले, "हं." संपलं संभाषण. बँकेतली पक्की नोकरी सोडून मी ह्या पाच टाळक्यांच्या कंपनीत गेले, तेव्हापासून हे असंच. आई इथे असायची तेव्हा आमचे निरोप तिच्यामार्फत जायचे. आप्पांनी जन्म टेलिफोन खात्यात काढला, आणि घरातलं एक्स्चेंज मात्र आई! आता ती दादाकडे गेलीये, नातवाच्या कौतुकात. त्यामुळे लाइन बंद.

५ मार्च, गुरुवार

फजिती! प्रोग्रॅममध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून मी सवयीने सगळीकडे एक मिळवला. अगं बाई, पण तळमजला मुळात शून्यच असतो की! दोन दिवस अख्खी इमारत एक मजला वर जाऊन बोका शोधत होती आणि कुणी चकार शब्द काढला नाही. आज तो चौथ्यावर गेला आणि मेसेज गेला पाचव्याचा. मजले आहेत चारच.

लगेच एक उत्तर आलं: 'या इमारतीला पाचवा मजला नाही. इन्स्पेक्टर, आपली थेट वर बदली झाली काय?'

मी गडाबडा हसले. कोण ते कळायला मार्ग नाही, कारण नंबर कुणालाच दिसू नयेत अशी सोय मीच केलीये. नंबरांच्या जागी पाण्यातली नावं दिलीत (बोक्याला आवडतील अशी) — झिंगा, तारली, खेकडा. हा निघाला खेकडा.

बोक्याच्या वतीने लिहिलं: 'बदली नव्हे, बढती.'

खेकडा: 'बढती मिळाली की लोक खाली बघत नाहीत म्हणे.'

बोका: 'मी खालीच बघतो. उंदीर तिथेच असतात.'

पाच मिनिटांनी खेकड्याने फक्त एक हसरा चेहरा पाठवला. दिवसभर हवेत होते मी!

६ मार्च, शुक्रवार

ऑफिसात मात्र हवा तंग. आम्ही दुकानांसाठी आठवणीचे मेसेज पाठवतो — सलून, दातांचे दवाखाने, चष्मेवाले. 'उद्या अकरा वाजता तुमची वेळ आहे' वगैरे. मेसेज पोचतात, कुणी उत्तर देत नाही. कॅप्टनचं (कंपनी त्याची, सारखं जहाज-जहाज करतो म्हणून कॅप्टन) स्वप्न असं की गिऱ्हाईक आणि दुकानदार त्यातून बोलायला लागतील. आज त्याने स्पष्टच सांगितलं. एकोणीस तारखेला गुंतवणूकदार बाई येणार. त्या नाही म्हणाल्या तर सगळ्यांनी दुसरीकडे बघायला लागा.

कंपनी बुडाली तर आप्पा 'मी म्हटलं होतं' असं म्हणणारसुद्धा नाहीत. नुसतं 'हं' म्हणतील. ते 'हं' मला सोसणार नाही.

९ मार्च, सोमवार

काय दिवस गेला!

सकाळी कॅप्टन नाचतच आत आला. आलेख वर! एका दुकानाची गिऱ्हाइकं धडाधड उत्तरं देतायत, गप्पा मारतायत! असा दुकानदार आपण हुडकला कधी? बाईंना थेट त्याच्या दुकानातच घेऊन जाऊ या! फळ्यावर त्याने दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'चाचणी दुकान'.

बोक्याचे मेसेज पाठवायला मी कंपनीचंच यंत्र जोडलं होतं. चाचणीचं खातं हाताशी होतं, दोन दिवसांत काढू म्हटलं, आणि साफ विसरले. ते खातं कॅप्टनच्या आलेखात मोजलं जातं हे डोक्यातच आलं नाही.

आणखी दोन मिनिटं गप्प बसले असते तर त्याने बाईंना कळवून टाकलं असतं. उठले आणि म्हटलं, "कॅप्टन, तो दुकानदार बोका आहे."

रंगारीण (आमची डिझायनर) कॉफी पिता पिता ठसकली. मी सगळं सांगितलं, पट्ट्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत. कॅप्टनने फळा पुसला. आता नोकरी गेली असं मला वाटलं. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच त्याने विचारलं, "लोक त्याला उत्तर का देतात?"

म्हटलं, माहीत नाही. तो त्यांना जेवलात का विचारतो.

कॅप्टनने कोऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'जेवलात का?'

१२ मार्च, गुरुवार

तीन दिवस नुसती धमाल! सगळे मेसेज नव्याने लिहितोय. दातांच्या डॉक्टरचा आता असा जातो: 'उद्या अकरा वाजता या. दाढ अजून ठणकते का?' पहिल्या तासातच उत्तरांचा पाऊस. एका आजोबांनी दाढेचा साग्रसंगीत इतिहास पाठवला! डॉक्टरचा फोन आला, म्हणे इतकी वर्षं हे लोक माझ्यासमोर तोंड उघडून बसतात, पण बोलले आत्ता.

असं काम असेल तर रविवारीही यावंसं वाटतं.

खेकडा रोज लिहितो. काल: 'जेवलो. दूध उतू गेलं. घरात कुणाला सांगू नका.' बोक्याने शपथ घेतली. आज: 'सकाळपासून कुणाशी बोललो नाही. आपणच पहिले.' हे वाचून मात्र गलबलून आलं. शेवटी लिहिलं, 'मी जिन्यातच आहे. केव्हाही हाक मारा.'

रंगारिणीने ठरवूनच टाकलंय की खेकडा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा व्हायोलिनवाला. तो एकटा राहतो, दिसायला बरा आहे, बाकी पुरावा काही नाही. तरी मी उगाच केस कापून आले. आमच्याच गिऱ्हाईक सलूनमध्ये, म्हणजे तेही ऑफिसचं कामच.

जाता जाता — काल घरी आले तर शेगडी आणि ओटा लख्ख घासलेला. आप्पांना काय झालंय कोण जाणे.

१६ मार्च, सोमवार

कॅप्टनचा हट्ट: बाईंसमोर बोक्याच्या एखाद्या माणसाशी फोनवर बोलायचं. खेकडाच हवा! मी म्हटलं, विचारल्याशिवाय नाही. बोक्याने अदबीने विचारलं.

उत्तर आलं: 'इन्स्पेक्टरांचं काम असेल तर बोलतो. फोनची मला भीती नाही.'

व्हायोलिनवाल्याचा आवाज कसा असेल? (रंगारिणीने ही ओळ वाचली तर जन्मभर छळेल.)

१९ मार्च, गुरुवार

सगळं आत्ताच लिहून काढते.

बाई आल्या. उंच, मितभाषी, घड्याळ काढून टेबलावर ठेवणाऱ्या. आलेख पाहिला, दाढेचा इतिहास वाचून हसल्या. मग कॅप्टनने यंत्रातूनच खेकड्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. नंबर आम्हालाही दिसत नव्हता. कॅप्टनने विचारलं, नमस्कार, दोन मिनिटं बोलू शकाल का?

"हं."

एवढंच. पण ते 'हं' मी हजारांत ओळखीन!

आप्पा. माझे आप्पा खेकडा!

मी खुर्ची घट्ट धरून बसले. बाईंनी विचारलं, बोक्याला रोज का लिहावंसं वाटतं? पलीकडे गॅलरीतलं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. आमचं दार, ते तसंच कुरकुरतं.

"घरात मुलगी आहे," आप्पा म्हणाले. "तिच्यावर रुसलो होतो. रुसवा केव्हाच संपला. पण आधी कुणी बोलायचं, यात दिवस जात राहिले. बोका आधी बोलला."

आप्पा पुढे म्हणाले, "काम चांगलं करते ती. मला उशिरा कळलं."

एवढी वाक्यं त्यांनी वर्षभरात माझ्याशी बोलली नव्हती, आणि आज बोलले ते पाच परक्यांसमोर, स्पीकरवर! मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर पळाले आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकून मनसोक्त रडले. परत आले तेव्हा बाई घड्याळ हातात बांधत होत्या. पुढच्या आठवड्यात वकिलाला घेऊन येते म्हणाल्या. कॅप्टनने रंगारिणीला उचलून गरकन फिरवलं! मी कुणालाच काही सांगितलं नाही.

घरी आले. आप्पा गॅलरीत, पेपर तोंडासमोर. जसं काही झालंच नाही. घसा खाकरला, पण तोंडातून निघालं तेच नेहमीचं: जेवलात का?

"हं."

आता काय करू? बोका म्हणजे मी, हे सांगितलं तर ते ओशाळतील. पुन्हा कुणाशीच बोलणार नाहीत. आणि नाही सांगितलं तर मी चोरून ऐकल्यासारखं होईल.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी खोलीचं दार लावून घेतलं, धीर केला आणि बोक्याच्या वतीने लिहिलं: 'काल छान बोललात. हा बोका कोण आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?'

गॅलरीत पेपर खाली ठेवल्याचा आवाज. मग उत्तर:

'पहिल्या दिवसापासून. बोके कुणाला जेवलात का विचारत नाहीत. बाहेर ये, चहा निवतोय.'