निरोप समारंभाला दाजी का आले नाहीत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा लांबूनच नमस्कार. (जवळ येऊन करायची हिंमत नाही.) गुडघा कसा आहे? रक्तदाबाचं विचारत नाही, तो माझ्यामुळेच वाढला असणार. शनिवारी सभागृहात अख्खी शाळा गुच्छ घेऊन उभी, तू पहिल्या रांगेत, आणि ज्यांना निरोप द्यायचा ते मुख्याध्यापक, म्हणजे आपले दाजी, बेपत्ता. तू फोन उचलत नाहीस, म्हणून काय घडलं ते लिहून कळवतो.

माझ्या शिवणखोलीत आम्ही कमी वीज खाणारा एसी बसवला, हे तुला ठाऊक आहे. मेकॅनिकने बजावलं होतं की निम्मं काम यंत्र करतं, निम्मं खोलीने करायचं. सव्वीसच्या खाली जायचं नाही, जोडीला पंखा मंद ठेवायचा, ऊन अडवायचं, फट म्हणून ठेवायची नाही. तुझ्या भावजयीने हे इतकं मनावर घेतलं, की खिडक्यांना दुहेरी अस्तराचे पडदे लावले आणि दाराखाली सारायला चिंध्यांचे लोड शिवले. मग खोलीत ऊन येईना, आवाज येईना, हळूहळू वेळही येईनाशी झाली. पाण्याखाली असावा तसा निळसर उजेड, पडद्याची कड श्वास घेतल्यासारखी हलते, आणि यंत्र कानाशी काहीतरी गुपित सांगत राहतं. माप देता देता गिऱ्हाइकं उभ्या उभ्या पेंगू लागली. (पोस्टातल्या बाईंच्या कोटाची एक बाही आखूड झाली. डोळा कोणाचा लागला होता, ते आम्हा दोघांनाही आठवत नाही.)

दाजी तीनला आले. समारंभ पाचला. कोटाला एकच बटण लावायचं राहिलं होतं. ते खुर्चीत बसले, मी सुईत दोरा ओवला, इथवर मला आठवतं. जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते. फोन बाहेरच्या खोलीत एकवीस वेळा वाजला होता, तू पाठवलेला शाळेचा शिपाई दार ठोठावून परत गेला होता. (फटी फारच उत्तम बुजल्या आहेत.) तुझी भावजय तर तिकडे तुझ्याच शेजारी बसून दाराकडे डोळे लावून होती.

मी घाबरत दाजींना हलवलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, कोट पाहिला. आता माझी धडगत नाही असं वाटलं. पण ते म्हणाले, "अडतीस वर्षांत घंटेविना झोपलो, आज पहिल्यांदा." आणि पुन्हा डोळे मिटले.

कोट पुरा व्हायचाय म्हणून ते इकडेच राहिलेत, हे तुला कळलंच आहे. राग माझ्यावर काढ, त्यांच्यावर नको.

तुझा,
अपराधी भाऊ

ता. क. कोट रविवारीच पुरा झाला. दाजी रोज सकाळी बटण उसवून माझ्या हातात देतात.

ता. क. हे असं का, ते काल मी विचारलंच. बटण माझ्या हातात ठेवत म्हणाले, "घरी गेलो की ती सवयीने डबा भरेल. तो घेऊन जायचं कुठे?" ताई, तू ये. त्यांना न्यायला म्हणून नको, नुसती शेजारी बसायला ये.