यांचं ऑलराईट

३० मार्च २००८, रविवार

सोहेब गेला. घर एकदम रिकामं झालं. दुपारच्या गाडीनं मुंबई, तिथनं परत कतार. पोरगा रडला नाही, मीच रडले. आणि हे पायरीवर बसून डावा हात वर करून म्हणाले — ऑलराईट!

दौंड-मनमाड मालगाडीवर गार्ड होते हे. सगळी नोकरी शेवटच्या डब्यातनं हिरवा झेंडा दाखवण्यात गेली. ऑलराईट म्हणजे गाडी ठीक, चला पुढं. गेल्या जूनला लकवा मारला. उजवा हात गेला, पाय ओढत चालतात. बाकी सगळे शब्द गेले आणि हा एकच मागं राहिला. भूक लागली — ऑलराईट. चहा गार झाला — ऑलराईट. चुलतभाऊ वारल्याचं सांगितलं तरी ऑलराईट! लोक हसू दाबतात. सुरुवातीला मलाही यायचं. आता नाही येत.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, "शब्द आत आहेत हो, बाहेर यायची वाट बुजलीय. वर्षभरात आले तर आले. मग अवघड." जून काही लांब नाही. या माणसानं मला परत एकदा नावानं हाक मारावी, एवढंच मागते मी. रागानं मारली तरी चालेल.

सोहेब एक मशीन ठेवून गेलाय. झाडं कापायचं कटर, बॅटरीवरचं. वायर नाही, पेट्रोल नाही. तिकडं बागांच्या कामाला वापरतात म्हणे. "अम्मी, मागची येडी बाभूळ कुणाकडनं तरी काढून घे. साप निघंल कवातरी." कुणाकडनं! झाडं तोडणारा जालिंदर संक्रांतीपासनं "उद्या येतो" म्हणतोय. त्याचा उद्या काही उजाडत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

मीच कापणार. ठरलं!

मशीन खोक्यातनं काढलं. बॅगेत मावावं म्हणून पोरानं लोखंडी पट्टी आणि दातेरी साखळी वेगळी केलेली, जोडून द्यायची राहिली. मला काय त्याचं! आयुष्यभर शिलाई मशीन खोलतेय आणि जोडतेय. जोडलं. बॅटरी खटकन बसली. बटण दाबलं — घुर्र! बाभळीला लावलं तर कापेचना. नुसता धूर आणि जळका वास.

शेजारच्या ताईबाई भिंतीवरनं डोकावल्या. रेल्वेच्या दवाखान्यात आया होत्या, त्यामुळं सगळ्या दौंडाला ओळखतात आणि सगळ्यांना बोलतात. "भाभी, झाड कापताय का भाजताय?"

हे दारात उभे होते. "ऑलराईट," म्हणाले. असा राग आला! यांचा नाही, मशीनचा.

२ एप्रिल, बुधवार

सोहेबचा फोन. साखळी उलटी बसवली होती! दात मागं तोंड करून. पोरगा तिकडं हसून हसून बेजार.

"आन् तेल कुठलं टाकलंस, अम्मी?"

"मशीनचं."

"कुठल्या मशीनचं?"

"आपल्या. शिलाईच्या."

परत हसला. गाडीचं ऑइल टाक म्हणाला, पातळ तेल लगेच उडून जातं. बरं. हसला तर हसला, किती दिवसांनी फोनवर कुणीतरी हसलं.

५ एप्रिल, शनिवार

कापली! कापली! कापली!

पदर साखळीत जाईल म्हणून सोहेबची जुनी जीन्स घातली, वर यांचा डगला, डोळ्याला चष्मा. ताईबाई तोंडात पदर घालून हसल्या. "बया! गार्डसाहेब, बघा तुमच्या घरात नवा साहेब आलाय!" आणि हे हसले. आवाज काढून हसले! जूनपासनं पहिल्यांदा. कसलं कटर नि कसलं काय, मी बघतच राहिले.

मग कामाला लागले. दोन्ही हात मुठीवर घट्ट. आधी आडव्या फांद्या, मग बुंधा जमिनीलगत. लोण्यात सुरी जावी तसं जातं. आवाज मिक्सरपेक्षा जरा जास्त, एवढाच. बॅटरी मात्र चार-पाच बुंध्यांत दम टाकते. कापलेलं आकडीनं ओढून एका कडेला. हाताला काटे, पायाला काटे, केसांत भुसा. पण कुणाची मनधरणी नाही! कुणाला "उद्या येता का" विचारायचं नाही! रात्री भाकरी थापताना मी गुणगुणत होते.

७ एप्रिल, सोमवार

लाईट नाही. बॅटरी नाही. बाभूळ आहे.

९ एप्रिल, बुधवार

या लोडशेडिंगनं वैताग आणलाय. सकाळी जाते ती भर दुपारी येते, आणि आली की मी भर उन्हात कुठं कापत बसू? म्हणून दुपारी बॅटरी चार्जरला लावायची, ऊन उतरलं की कापायला घ्यायचं.

आज एक गोष्ट झाली. चार्जरवर बारका दिवा आहे. चार्ज होताना लाल, पूर्ण झाली की हिरवा. मी भांडी घासत होते. हे खुर्ची ओढून चार्जरसमोर बसलेले. मला वाटलं, बसले असतील. तेवढ्यात — "ऑलराईट!" बघते तर दिवा हिरवा झालेला. आणि यांनी डाव्या हातानं बॅटरी काढून माझ्यापुढं धरली!

भांडं हातातनं पडलं माझ्या. बरोबर जागी बरोबर शब्द! लालला गप्प होते, हिरव्याला बोलले. म्हणजे अर्थ कळतो. म्हणजे वाट मोकळी होतेय. मोरीतच हात पुसत अल्लाचे आभार मानले.

१० एप्रिल, गुरुवार

आज पण. लाल — गप्प. हिरवा — ऑलराईट. बरोबर!

१४ एप्रिल, सोमवार

ताईबाईंकडे जयंतीची गडबड. सकाळीच पांढरी साडी नेसून ताटभर लाडू घेऊन आल्या. यांनी तीन खाल्ले. "खाऊ द्या," ताईबाई म्हणाल्या, "तोंड हललं की जीभ बी हलंल." मशीनला सुट्टी.

१७ एप्रिल, गुरुवार

येडी बाभूळ संपली. मागच्या भिंतीपर्यंत मोकळं! साप नाही निघाला. निघाल्या तीन चपला, त्याही एकेकट्या, आणि ताईबाईंचं हरवलेलं पायपुसणं.

वारा सरळ स्वयंपाकघरात येतोय. चादरी मागं वाळत घातल्या, तर एकाही चादरीला काटा नाही. मी उगाचच चार वेळा मागं जाऊन आले. इतकं हलकं वाटतंय की काय सांगू. वर्षभर छातीवर काहीतरी घेऊन हिंडत होते, त्यातलं निम्मं त्या काट्यांबरोबर गेलं.

आता संध्याकाळी यांची खुर्ची मागं टाकते. बसतात तासभर. भिंतीलगतच्या वाळक्या बोरीच्या झाडाकडं तोंड करून.

२० एप्रिल, रविवार

पाय धुताना बघितलं — यांच्या उजव्या चपलेत रक्त. तळव्यात आख्खा काटा मोडलेला. दिवसभर त्याच्यावर चालले! त्या पायाला कळत नाही ना काही. सुईनं काढला. हे माझ्याकडं शांतपणे बघत, "ऑलराईट." मी रडले. पोटभर रडले.

बाभूळ तर गेली, मग हा काटा कुठला? बोरीचाच. मागं एवढं एकच काटेरी झाड उरलंय. पाखरांनी बी टाकलं असेल, आपोआप उगवलंय. आत्ता तर पानंही झडलीत, अर्धी मेल्यागत उभी आहे. खाली काट्यांचा सडा. ठेवायची कशाला?

पण यांना विचारल्याशिवाय नको. आता कळतं यांना. समोर बसून विचारलं, "अहो, ती बोरी काढून टाकू?"

"ऑलराईट."

"नक्की ना?"

"ऑलराईट!" जोरात म्हणाले. मांडीवर हात आपटला.

ठरलं मग.

२१ एप्रिल, सोमवार

बोरी पाडली. जिवावरचं काम होतं. बाभळीसारखं नाही, चांगलं जाडजूड लाकूड. फोनवर सोहेबनं सांगितलं तसं, आधी पडायच्या बाजूनं खाच, मग मागनं काप. मध्ये पट्टी अडकली, हिसडून सोडवावी लागली. पण भिंतीला धक्का न लागता नेमकी मोकळ्या जागेत आडवी झाली. या वयात, बायकामाणसानं, एकटीनं! आरशात बघून स्वतःला सलाम केला.

आणि हे! मागच्या दारात उभे राहून डावा हात असा जोरजोरात हलवत होते — "ऑलराईट! ऑलराईट! ऑलराईट!" सारखं. घसा बसेपर्यंत. डोळ्यांतनं पाणी. ताईबाई म्हणाल्या, "भाभी, दादा लईच खूश हायत बघा आज!" मला इतका हुरूप आला की मधे थांबलेच नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

हे काल रात्री जेवले नाहीत. उन्हात उभं राहिल्यानं असेल.

२४ एप्रिल, गुरुवार

आजही घास नाही. खुर्ची मागं टाकली तर गेले नाहीत. चार्जर मुद्दाम समोर ठेवला, लाल झाला, हिरवा झाला — भिंतीकडं तोंड. ऑलराईटसुद्धा नाही. तो एक शब्द होता, तोही गेला का?

ताईबाईंना घेऊन दवाखान्यात नेलं. बीपी ठीक, साखर ठीक, दुसरा झटका वगैरे काही नाही. डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका, मन उदास झालं असेल." रिक्षात बसल्यावर माझा श्वास मोकळा झाला. झटका नाही. झटका नाही एवढं पुरे. ताईबाई म्हणाल्या, "मानूस हाय त्यो, रुसला आसंल." कशावर रुसेल? घरात मी एकटी, आणि मी तर काही केलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

अर्धी भाकरी खाल्ली. माझ्याकडं न बघता.

२९ एप्रिल, मंगळवार

बोलले!!

सकाळी चहा घेऊन मागं गेले, तर हे एकटेच चालत बोरीच्या बुंध्यापाशी जाऊन उभे. कप पुढं केला. कप ढकलला. चहा सांडला. तोंड लाल, ओठ नुसते हलताहेत. आणि मग — "राबिया."

माझं नाव!

"राबिया... का तोडली... माझी बोरी?"

"अहो, तुम्हीच तर ऑलराईट म्हणालात!"

"नको म्हणत होतो." छाती वरखाली होत होती. "नको. नको. नको." मग बुंध्याकडं बोट. "मी लावली. बी... मनमाडची."

हात जोरजोरात हलवत होते त्या दिवशी. झेंडा नसला की गार्ड तसाच हात हलवून गाडी थांबवतो. मला माहीत होतं! गार्डाची बायको मी, आणि मला वाटलं कौतुक चाललंय!

मी तिथंच उभ्या उभ्या रडत होते, हसत होते, आणि हे माझ्यावर ओरडत होते. ओरडा म्हटलं, आणखी ओरडा! भिंतीपलीकडनं ताईबाई धावत आल्या आणि "दादा बोललं गं बया!" करत आख्ख्या गल्लीला सांगायला गेल्या.

मग एकदम ध्यानात आलं. जूनपासनं आत्तापर्यंत मी यांना रोज काही ना काही विचारलं, आणि रोज ऑलराईट ऐकून पुढं गेले. हळूच विचारलं, "आणखी कशाकशाला नको म्हणत होता तुम्ही?"

यांनी बराच वेळ शब्द शोधला.

"बस," म्हणाले. "सांगतो."

मी बसले.